पुस्तकात कोण कोण

कुरिअरवाल्यानं पार्सल देवळीच्या आमच्या कापड दुकानात दिलं आणि मी पोचायच्या आत बाबांनी ते कात्रीनं फोडलंसुद्धा. मेले आता! मुलांच्या गोष्टींचं पुस्तक, चित्रं सगळी माझी, आणि त्यातल्या राक्षसाला तोंड होतं बाबांचं.

मुद्दाम नाही केलं हो. राक्षस काही केल्या जमत नव्हता. प्रकाशकबाई दरवेळी म्हणायच्या, भीती वाटत नाही. जेवताना राक्षस, झोपताना राक्षस, डोकं पार कामातून गेलं होतं. मग एका दुपारी एक बाई सगळ्या साड्या उलगडायला लावून तशीच निघून गेली, आणि बाबांनी जे तोंड केलं ना, ते मी तिथंच उतरवलं. माझं असंच आहे. मनानं चेहरा सुचत नाही, समोरचा उचलावा लागतो. कोणाला काय वाटेल हे काढताना आठवत नाही, छापून आलं की आठवतं.

बाबांनी चष्मा लावला. ते पान आलं.

"आचल, हा तं मीच आहो!"

"बाबा, ते..."

"शिंगं बरी काढली वं. माह्या डोक्यावर केस तं राह्यलेच नाई." आणि हसत सुटले. शेजारच्या दुकानातल्या तानबाकाकांना बोलावलं. काका गोष्टीतला न्हावी निघाले, आत्या चेटकीण. गिऱ्हाईक थांबवून थांबवून दाखवणं सुरू झालं. मी हुश्श केलं.

मागच्या घरातून आई चहा घेऊन आली. हात पदराला पुसून तिनं पुस्तक शेवटपर्यंत पाहिलं. मग परत पहिल्यापासून.

"मी काऊन नाई यात?"

"पुढच्यात काढीन न, आई."

"बरं," म्हणाली आणि कप घेऊन गेली.

मला कुठला धीर! लगेच कागद घेऊन बसले. बाबांच्या नाकपुड्या मी डोळे मिटून काढीन. आईची पाठ आली, बांगड्यांचा हात आला, चेहरा येईना. खोडून खोडून कागद फाटला. स्वतःचाच संताप आला. जन्मापासून एका घरात राहून! तशीच उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, इकडं पाह्य न."

"थांब, पोळी जळीन."

"जळू दे!"

ती वळली. मी पाहत राहिले. तिनं घाईनं केस मागे सारले, तोंडावर हात घेतला.

"अशी नोको पाहू वं."

"काऊन?"

"सवय नाई मले. कोणी पाह्यतच नाई न."