तिहोमीरचा दिवा

पायऱ्यांवरचा दिवा गेला तेव्हा तिहोमीर पालिकेत जाऊन आला. खांब वीज कंपनीचा, ते म्हणाले. कंपनी म्हणाली, दिवा पालिकेचा. सर्बियातल्या त्या डोंगराळ गावात घरं वर, रस्ता खाली आणि मधे नुसत्या पायऱ्या. या टोलवाटोलवीत हिवाळा सरला आणि त्याची बायको विदोसावा हातात टॉर्च असताना पडली. मोडलेलं मनगट जुळलं, पण बाईनं हाय खाल्ली ती खाल्लीच. अंधार पडला की घराबाहेर पाऊल नाही. दर शनिवारी बहिणीकडे पत्ते खेळायला जायची, तेही सुटलं.

तिहोमीरचं डोकं फिरलं. जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेलेला माणूस. म्हणाला, त्यांच्या नाकावर टिच्चून उजेड पाडतो. गाडी खाली पायऱ्यांकडे तोंड करून लावायची आणि किल्ली काढल्यावरही पुढचे दिवे थोडा वेळ जळत ठेवायचे, बस्स. गाडीचा रिले, म्हणजे दिवे चालू-बंद करणारा विजेवरचा खटका, वीज फार खायचा, म्हणून त्याला चालवायला एक्स्चेंजातला नाजूक रिले बसवला आणि त्या नाजूक रिलेला कपॅसिटर जोडला. कपॅसिटरात साठलेली वीज संपेपर्यंत रिले धरून राहणार, मग सुटणार. ती वीज दुसऱ्या तारांत पळू नये म्हणून मधे डायोड. पहिल्यांदा गाडीचं दार लावेपर्यंतच दिवे गेले. मग त्यानं आयवारच्या, म्हणजे लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बरणीएवढा कपॅसिटर लावला, स्वतः पायऱ्या चढून पाहिल्या आणि घराचं कुलूप उघडेपर्यंत उजेड टिकला. गडी खूश.

मिनतवारी करून त्यानं विदोसावाला शनिवारी बहिणीकडे नेलं. परत आल्यावर दोघं लख्ख उजेडात चढू लागली. अर्ध्यावर मिलुंका म्हातारीचा व्हरांडा. तिथून विचारपूस न करता पुढे जाणं म्हणजे भांडण असल्यासारखंच. कशी आहेस, हात कसा आहे, पोरं कशी आहेत. मग मिलुंकाचे गुडघे. विदोसावा थांबली. तिहोमीर तिचा दंड ओढत राहिला. गुडघ्यांची गोष्ट चालू असतानाच खाली दिवे गेले आणि विदोसावा कठडा धरून तिथंच पायरीवर बसली.

घरात आल्यावर तो पालिकेपासून मिलुंकापर्यंत सगळ्यांचा उद्धार करून मोकळा झाला. वर म्हणाला, "जरा वेळ गप्प चालता येत नाही तुला?"

"नाही येत," विदोसावा म्हणाली. "इतके महिने घरात कोंडून होते. आज कुणी कशी आहेस विचारलं, तर मी तुझ्या डबड्यासाठी पळत सुटू? जन्मभर माझ्याबरोबर चढतोयस. मी कुठे थांबते, माहीत नव्हतं तुला? हा दिवा तू माझ्यासाठी केलाच नाहीस. पालिकेवरचा राग काढलास."

 त्यानं आणखी मोठा कपॅसिटर जोडायला तावातावानं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं.

"किती वेळ बोलता तुम्ही दोघी?"

"ते आधी कसं सांगू?"

आयर्न उगाच तापत राहिलं.

पुढच्या शनिवारी त्यानं किल्ली काढलीच नाही. दिवे लावून गाडीत बसून राहिला. वर गुडघे झाले, नातवाचं लग्न झालं, पुन्हा गुडघे आले. तो दात-ओठ खात होता, पण हॉर्न काही वाजवला नाही. विदोसावा सावकाश चढून घरात गेली, खिडकीत दिसली, तेव्हा कुठे त्यानं दिवे बंद केले.

सकाळी बॅटरी ठार मेलेली. बॉनेट उघडून त्यानं पालिकेला शिव्या घातल्या, वीज कंपनीला घातल्या, शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या तरी थांबला नाही. विदोसावाचं नाव मात्र त्यात आलं नाही.