रेघ चढली, बांध राहिला

मित्रांनो, मी एक जुना लाकडी तक्ता आहे. माझी कीव करू नका. ती माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या साहेबांसाठी जपून ठेवा.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. संग्रामपूरजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, मातीचे धरण बांधायला घेतले होते. कॅम्पातल्या सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवले. माझ्यावर आलेखाचा कागद बसवला आणि त्यावर दोन रेघा आल्या. तांबडी म्हणजे ठरवलेले काम: आरंभी हळू, मध्ये झपाट्याने वर, शेवटी पुन्हा संथ, इंग्रजी ‘एस’ अक्षर ताणून लांबवल्यासारखी. निळी म्हणजे खरोखर झालेले काम. ओव्हरसियर पंजाबराव दर महिन्याला बांध मोजून ती पुढे नेत.

पहिल्या वर्षी निळी तांबडीला धरून चालली. पाहुण्यांना चहाच्या आधी मला दाखवत. मग बांधाचा पाया खणताना काळा खडक लागला आणि निळी मागे पडली. धरणाचे इंजिनिअर वामनराव साहेब, त्यांना खडकाची फिकीर नव्हती, रेघेची होती.

“उद्या वरचे साहेब येताहेत. निळी वर घ्या.”

“साहेब, माती तं तितकी पडलीच नाई. रेघ कशी चढवू?”

“माती कोण बघतो? तक्ता बघतात!”

पंजाबरावांनी पेन खाली ठेवले. साहेबांनी स्वतःच रेघ ओढली. काय सफाईदार हात! बांधावर तो कधी इतका राबला नव्हता.

वरचे साहेब बांधापर्यंत गेलेच नाहीत. मला पाहून म्हणाले, “काम पुढे आहे. मग इथले माती दाबायचे रोलर दुसऱ्या धरणाला देऊ.”

रोलर गेले, आणि दाबल्याविना नवी माती टाकता येईना. मजुरांची मुकादम जनकाबाई कचेरीच्या दारात उभी राहिली. “साहेब, रोलर काऊन नेले? आमच्या बायाईनं आता कामाले कुठं जावं?”

साहेब घाईने पत्र लिहायला बसले. त्यांनी रोलर परत मागितले. वरून उत्तर आले, ‘तक्ता आम्ही पाहिला आहे.’

नदीसाठी मोकळी सोडलेली बांधातली खिंड बुजवायची होती, ती उघडीच राहिली. पावसाचे सारे पाणी तिच्यातून निघून गेले आणि खालच्या गावांची रब्बी कोरडी गेली. साहेबही गेले, बढतीवर! पंजाबरावांनी खोटी रेघ पात्याने खरडली, खरी खाली काढली आणि तिचीच नक्कल वर पाठवून रोलर आणवले. धरण झाले, पण फार उशिरा.

आता गोदामात मला वाळवी लागली आहे. धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मित्रांनो, तुमची निळी रेघ मागे असेल, तर मागेच काढा. वर चढवलेल्या रेघेने साहेबांना खुर्ची दिली. एका वावराला ओंजळभर पाणी दिले नाही.