बोटभर फट

दादाने माझ्या कैचीत लाकडाचा ठोकळा ठोकला आणि वर त्याला रंगही लावला. रंगाचाच मला जास्त राग आला. ठोकळा माणूस चुकून ठोकेल. रंग लावायला विचार करावा लागतो.

कैची म्हणजे कापड कापायची नव्हे, छप्पर पेलायची. दोन्ही भिंतींवरून तिरकी वर जाऊन शेंड्याला भेटणारी दोन जाड लाकडं, खाली त्यांचे पाय बांधून ठेवणारी आडवी तुळई, आणि शेंड्यापासून तुळईपर्यंत आलेला मधला खांब. बघणाऱ्याला वाटतं, खांब तुळईवर उभा आहे आणि बिचारी तुळई त्याचं ओझं सोसते आहे. साफ उलटं आहे. खांब शेंड्याला लटकलेला असतो आणि खालच्या लोखंडी पट्ट्याने तोच तुळईला उचलून धरतो. म्हणून खांबाचं बूड आणि तुळईची पाठ यांच्यात बोटभर फट सोडायची. भार पडला, लाकूड वाळलं की सांधे बसतात, खांब जरासा खाली येतो. फट असली तर पट्ट्याचे नट आवळून तुळई पुन्हा वर घेता येते. फट बुजवली तर तोच खांब तुळईच्या बोकांडी बसतो. हे मला बाबांनी शिकवलं. दादालाही शिकवलं होतं, पण भुशाने शर्ट खराब होतो म्हणून तो दारात उभा राहून ऐकायचा.

त्या दिवशी वाचनालयाची माणसं येणार होती. त्यांच्या नव्या वाचनकक्षाचं छप्पर ठरायचं होतं. एक तर आमच्या भरीव लाकडाच्या कैच्या, नाहीतर लोखंडी सांगाडा आणि त्याखाली लटकवलेल्या पातळ फळ्यांच्या पेट्या. खालून बघितलं तर दोन्ही सारखंच दिसतं. पण पेट्या म्हणजे नकली तुळया, बाहेरून भारदस्त, आतून पोकळ. अशी माणसंही मी पुष्कळ पाहिली आहेत, पण निदान त्यांच्या अंगावर कुणी कौलं चढवत नाही.

आठवडाभर आधी जेवताना दादाने जाहीर केलं होतं, "त्यांनी लोखंड घेतलं तर आपणही पेट्याच करायच्या. जड लाकडाचं काम बंद. परवडत नाही आता."

"मग वन्संनाही जरा आराम मिळेल," वहिनी म्हणाल्या.

मला आराम नको होता. मला एक छप्पर हवं होतं, ज्याखाली लोक निवांत वाचत बसतील आणि जे मी आखून काढलेल्या कैच्यांवर उभं असेल. पेट्या काय, खोकी बनवणारा कुणीही बनवील. जड काम बंद झालं की त्या कारखान्यात माझं काय उरणार होतं? चहा आणि चौकशा.

नमुन्याची कैची आम्ही आवारात टेकूच्या दोन लाकडी घोड्यांवर उभी केली होती. वर वाळूची पोती रचून दाखवायची होती. सकाळी पोती चढवण्याआधी मी सवयीने पाना घेऊन नट आवळायला गेले, तर नट हलेना. फटीत बोट घातलं, तर फटच नव्हती. बोटाला ओला रंग लागला.

मिस्त्री बाजूलाच उभे होते. ते वर कारखान्याच्या छपराकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"मिस्त्री?"

"ताई, मला नका विचारू."

"नाही विचारलं. कळलं मला."

ऑफिसच्या खोलीत दादा आरशासमोर केस विंचरत होता आणि वहिनी कप मांडत होत्या. हातात हातोडी होती हे मला आत गेल्यावर लक्षात आलं. वहिनींना आधी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी कप मागे सरकवले.

"ठोकळा तू ठोकलास?"

"हळू बोल. येतच असतील ते."

"तू ठोकलास का?"

"वाईट दिसत होतं गं. एवढं दणकट लाकूड आणि मधोमध फट. माप चुकल्यासारखं वाटतं. बघणारा म्हणेल, यांना साधं लाकूड कापता येत नाही."

"पोती चढली की खांब खाली दाबेल आणि तुळई सगळ्यांसमोर वाकेल. तेव्हा काय म्हणेल बघणारा?"

"वन्सं, आजच्या दिवस तरी नको," वहिनी म्हणाल्या. "हातातोंडाशी आलेला घास आहे."

"घास मीच रांधलाय, वहिनी. मीठ कुणी ओतलं ते विचारतेय." मी दादाकडे वळले. "तुला लोखंडच हवंय ना? मग तसं तोंडावर सांग. असला खोडा कशाला घालतोस?"

"नाही गं! शप्पथ नाही. मलाही कैच्याच हव्यात. त्या पेट्यांत काय ठेवलंय?"

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणापासून खोटं बोलताना तो डावा कान खाजवतो, आणि आता त्याचे दोन्ही हात कंगव्यावर होते.

"मग का?"

त्याने कंगव्यात अडकलेला केस ओढून काढला.

"फट का आहे, असं कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. मग तुला पुढे बोलवावं लागलं असतं."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती गेली. नवऱ्याचं घर सोडून मी एक पिशवी घेऊन इथे आले, तेव्हापासून या कारखान्याची एकेक कैची मी काढली. गिऱ्हाईक आलं की दादा पुढे आणि मी मागच्या खोलीत. कुणी मला बघितलंच तर दादाचं एक वाक्य ठरलेलं असायचं: "आमची बहीण. आमच्याकडेच असते." घरात मांजर असतं तसं. मी ते ऐकून घेत आले, कारण मला वाटायचं, याला सुचत नाही, बोलण्यात कच्चा आहे. कसला कच्चा! माझी सावली पुढे पडू नये म्हणून त्याने चांगल्या कैचीत पाचर मारली होती आणि वर रंगाचा हात फिरवला होता.

मी काही बोलणार तोच फाटकाशी गाडी थांबली.

वाचनालयाच्या अध्यक्षबाई उतरल्या, आणि त्यांच्यासोबत त्यांचा इंजिनिअर. दादा हसत हसत पुढे झाला. मी त्याच्या मागोमाग गेले. मला परत पाठवायची त्याची हिंमत झाली नाही.

"आणि ह्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बहीण माझी," दादा म्हणाला. "आमच्याकडेच असते."

आजही! अजून माझ्या बोटावरचा रंग वाळला नव्हता.

इंजिनिअर सरळ कैचीकडे गेला, वाकला आणि मधल्या खांबाच्या बुडाशी बोट फिरवून सरळ झाला.

"इथली फट बुजवलीत?"

"जास्त मजबुती यावी म्हणून," दादा म्हणाला आणि त्याने डावा कान खाजवला.

"बाई, आपण लोखंडाचंच बघू," इंजिनिअर म्हणाला. "मी इथे ही फट बघायलाच आलो होतो."

एवढं बोलून तो गाडीकडे वळलासुद्धा. दादाचा चेहरा पडला. वहिनी ट्रे घेऊन दारातच थबकल्या. त्या क्षणी मी गप्प बसले असते तर दुपारपासून आम्ही पेट्या करत असतो.

"थांबा," मी म्हटलं. "तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. पण कैची तशी नाही. ती बिघडवलीय."

मी हातोडी उचलली.

"अहो, पडेल ना ते अंगावर!" अध्यक्षबाई दोन पावलं मागे सरल्या.

मी ठोकळ्यावर दणके घातले. पहिला ठोकळ्यासाठी होता, बाकीचे कुणासाठी होते ते दादाला कळत असावं, कारण प्रत्येक दणक्याला तो डोळे मिटत होता. ठोकळा निसटून भुशात पडला. खांब जागचा हलला नाही. मी पाना लावून नट आवळायला लागले, आणि खाली मापासाठी ताणलेल्या दोरीपासून तुळई अलगद वर उचललेली सगळ्यांना दिसली. इंजिनिअर गाडीपासून परत आला.

"ही कुणी काढलीय?"

"आमच्या कारखान्यानेच," दादा म्हणाला.

"कारखान्याला हात नसतात," मी म्हटलं. "मी काढलीय. याआधीच्याही मीच काढल्यात."

"वन्सं, घरातलं चारचौघांत कशाला," वहिनी कुजबुजल्या.

"घरातलं घरात ठेवून बघितलं, वहिनी. तिथे कुजलं."

मिस्त्रींनी माणसांना हाक मारली. पोती चढली. लाकूड एकदा कुरकुरलं, सांधे बसले आणि मग आवाज बंद झाला. इंजिनिअरने दोरीशी जाऊन माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि अध्यक्षबाईंकडे बघून मान हलवली.

"मग या भरीवच घेऊ," अध्यक्षबाई म्हणाल्या. छातीवरचा हात काढून त्या आता जवळ आल्या होत्या. "मला तर पहिल्यापासून ह्याच आवडल्या होत्या. फक्त एक करा. ती फट तेवढी झाकता येईल का? एखादी नक्षीची पट्टी वगैरे? नाहीतर लोक विचारत बसतील."

"हो हो, झाकू की," दादा म्हणाला.

इतक्या चटकन म्हणाला! सवयच ती. जित्याची खोड.

"नाही झाकणार," मी म्हटलं. "विचारू देत लोकांना."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. या दोघांत ऐकायचं कुणाचं, हे त्यांना बहुधा आजवर कुठल्याही कारखान्यात ठरवावं लागलं नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "राहू दे उघडी."

करार टेबलावर आला. दादाने नेहमीसारखं खिशातलं पेन काढलं, नेहमीसारखी खुर्ची ओढली.

"कर सही," मी म्हटलं. "पण नावाखाली लिही: बहिणीकडेच असतो."

मिस्त्रींना खोकल्याची उबळ आली आणि ते बाहेर गेले. वहिनींनी ट्रे खाली ठेवला. दादाचे कान लाल झाले. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

मग त्याने पेन माझ्यापुढे धरलं आणि खुर्चीवरून उठला.

माझे हात ग्रीसने बरबटले होते. वहिनींनी फडकं पुढे केलं. मी घेतलं नाही, तशीच बसले आणि सही केली. कागदावर बोटांचे काळे ठसे उमटले. कुणी विचारलं तर सांगेन.