ठिपका वर

दीनानाथांनी टेस्टरचं टोक डब्याच्या आतल्या पत्र्याला लावलं आणि टेस्टरच्या पोटातला दिवा लाल झाला. त्यांनी मान वळवून पाहिलं. भरत दुकानाच्या पायरीवर उभा राहून चहावर फुंकर घालत होता. त्याचं लक्ष नव्हतं. दीनानाथांनी दोन पिनांचा प्लग उपसला, उलटा करून पुन्हा घातला आणि टोक पुन्हा पत्र्याला टेकवलं. या वेळी दिवा लागला नाही.

मग त्यांनी लाल ऑइलपेंटच्या डबीत काडेपेटीची काडी बुडवली आणि प्लगच्या वरच्या अंगावर एक ठिपका दिला.

"हे काय, दृष्ट लागू नये म्हणून?" भरतने विचारलं.

"ठिपका वर ठेवूनच प्लग घालायचा. नेहमी."

"आणि खाली राहिला तर?"

"घरघर लागते."

हे खोटं नव्हतं. घरघर लागतेच. ती डब्याला लागते की माणसाला, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

डबा म्हणजे भरतच्या सासऱ्यांनी लग्नात नवा म्हणून दिलेला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. बारा वर्षं तो घरात पितळी मोराचं आसन म्हणून काम करत होता. भरत दिवसा न्हावा शेवाला कंटेनरची कागदपत्रं लावायचा आणि संध्याकाळी खांदा कॉलनीत गिटार वाजवायचा. गिटारला अस्सल व्हॉल्व्हचा आवाज हवा, हे त्याच्या डोक्यात कुठून शिरलं कुणास ठाऊक; पण पनवेलमध्ये व्हॉल्व्ह तापवणारा माणूस आता एकच उरला होता. बाकीचे सगळे टीव्हीकडे वळले होते.

दीनानाथांनी रेडिओतला स्टेशन पकडणारा भाग काढून टाकला, उरलेल्याला गिटारची वायर जोडली, मोठा स्पीकर बसवला. आवाज असा गोड आला की समोरचा शिंपीसुद्धा मशीन थांबवून ऐकत बसला. अडचण एकच होती. हा रेडिओ स्वस्तातला. घरातल्या विजेची एक तार त्यात थेट पत्र्याला जोडलेली. रेडिओ होता तोवर बिघडत नव्हतं. बाहेर लाकूड, बटणं वीज न वाहणाऱ्या बॅकेलाइटची, माणसाचा हात पत्र्यापर्यंत पोचायचाच नाही. आता मात्र गिटारची वायर तोच पत्रा सरळ वाजवणाऱ्याच्या बोटांपर्यंत आणून ठेवत होती. प्लग एका बाजूने घातला तर काही नाही. उलटा घातला तर गिटारच्या तारा म्हणजे वीज मंडळाच्या तारा.

यावर उपाय होता. पत्र्याला घरातल्या विजेपासून तोडणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घालायचा. तो मुंबईहून यायला महिना लागला असता, आणि भरतचा कार्यक्रम दसऱ्याला. महिनाभर थांब, का ते सांगतो, असं म्हणायला हवं होतं. पण कारण सांगितलं की गिऱ्हाईक घाबरतं, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक गावभर बोलतं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला कारण सांगितलं नव्हतं. त्याऐवजी ते खांदा कॉलनीच्या हॉलमध्ये जाऊन तिथला सॉकेट स्वतः तपासून आले, आणि मनाला सांगितलं की झालं.

"दसऱ्याला पाचला ये," ते भरतला म्हणाले. "तोवर पुढची जाळी बसवतो."

दसऱ्याच्या दिवशी ते वडाळे तलावापलीकडे सोनं द्यायला गेले आणि लोकांनी बसवून घेतल्यामुळे परतायला सव्वापाच झाले. दुकानात पाटावर सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, टेस्टर अशी सगळी हत्यारं ओळीने मांडलेली होती, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. पाटाच्या शेजारची जागा रिकामी होती.

"भरत घेऊन गेला," त्यांची बायको आशालताबाई आतून म्हणाल्या. "पूजा करूनच दिला. रिकाम्या कपाळाने पाठवायचा का?"

"डब्याला लावलंस?"

"डब्याला लावलं, बटणांना लावलं, प्लगला लावलं. तुम्ही प्लगला एकाच बाजूला लावलं होतं, तेही एवढंसं. मी त्यावर चांगलं गोल केलं आणि दुसऱ्या बाजूलाही लावलं. तेलातलं आहे, निघायचं नाही."

दीनानाथ पायरीवरून आत आले.

"भरत काही म्हणाला?"

"म्हणाला, काकू, आता वरची बाजू कुठली? म्हटलं, अरे, देवाच्या कामात वर आणि खाली असतं का!"

त्यांचा हात टेस्टरकडे गेला.

"अहो! पाटावर बसलीत ती. उद्या उठवल्याशिवाय हात नाही लावायचा. तुमचाच नियम ना?"

नियम त्यांचाच होता. हात त्यांच्याआधी मागे आला. टेस्टर मागेच राहिला, हे त्यांना रिक्षात बसल्यावर कळलं.

रिक्षा अनंताची होती. हँडलला झेंडूची माळ, काचेवर हळदीची पाच बोटं.

"काका, येवरी घाई? सोनं संपलं का काय?"

"जोरात घे. खांदा कॉलनी."

"जोरात कशी घेऊ? ते बघा म्होरं."

पुढे न्हावा शेवाचे ट्रेलर एकामागे एक उभे होते. तेही सजले होते. प्रत्येकाच्या चाकाखाली लिंबू होतं, आणि ते चिरडायला पुढचा ट्रेलर हलावा लागत होता, आणि तो हलत नव्हता.

"काका, तुमी घामेजलाव."

"गाणं म्हणतो का रे भरत? कधी ऐकलंयस?"

"नाय. तो नुसता वाजवतो. माइकजवल जात नाय, लाजतो."

दीनानाथांना जरा बरं वाटलं. लाकडी स्टेजवर, पायात चपला घालून नुसतं वाजवलं तर माणूस वाचतो. हॉलचा माइक मात्र लोखंडी, आणि त्याची तार जमिनीत गेलेली. एका हातात गिटार आणि दुसरा हात त्या माइकला, म्हणजे संपलं.

ते पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. गिटार बाहेरपर्यंत ऐकू येत होती. आवाज चांगला होता. इतका चांगला की दीनानाथ दारात क्षणभर थांबून ऐकत राहिले. हे त्यांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही.

गत संपली, टाळ्या पडल्या. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर यांनी त्यांना दारात पाहिलं आणि ते शाल-नारळ घेऊन उठले.

"आलेच बघा! भरत, अरे, तूच दोन शब्द बोल काकांबद्दल!"

भरत लाजला. मग गळ्यात गिटार, डावा हात तारांवर तसाच, माइककडे निघाला.

दीनानाथ खुर्च्यांमधून धावले. साठीच्या माणसाला धावताना पाहिलं की लोक आधी हसतात, तसे हसले. कमळाकरांनी शाल उघडून वाट अडवली. दीनानाथांनी त्यांना शालीसकट बाजूला केलं, नारळ घरंगळत स्टेजखाली गेला, आणि भरतने माइक धरायला उजवा हात उचलला तेव्हा त्यांनी सॉकेटमधला प्लग उपसला.

डब्यातला आवाज हळूहळू बसत गेला.

"तांत्रिक बिघाड," कमळाकरांनी जाहीर केलं. "बसून घ्या."

भरत स्टेजच्या कडेला, माइकच्या पायाशी वाकला.

"काका, लावा ना परत. आज काय सुंदर चाललंय! बोटांना नुसत्या झिणझिण्या येतायत. दुकानात वाजवला तेव्हा नव्हत्या. हाच ना तो व्हॉल्व्हचा गुण?"

दीनानाथांनी हातातला प्लग पाहिला. वर कुंकू, खाली कुंकू. दोन्हीकडे सारखंच गोल, नीट, मन लावून लावलेलं.

"तो ठिपका," ते म्हणाले, "खाली गेला की माणूस मरतो."

ते हळूच म्हणाले होते. पण माइक चालू होता, आणि वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

हॉलमध्ये कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. पुढच्या रांगेत भरतची बायको दीपा उभी राहिली होती. भरतने गळ्यातला पट्टा काढला आणि झोपलेल्या मुलाला ठेवावी तशी गिटार खाली ठेवली.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

दीनानाथ प्लगवरचं कुंकू अंगठ्याने पुसू लागले. ते निघेना.

"काका," भरत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "असे डबे अजून कुणाला दिलेत?"

दीनानाथ हॉलभर पाहत राहिले. तबल्याला कुंकू होतं. पेटीला होतं. लाउडस्पीकरच्या कर्ण्यालाही होतं. आज घरोघरच्या प्लगनाही असणार.

"दोन उरणला," ते म्हणाले. "एक ओव्याला. सगळे वाजवणारेच."

बाहेर अनंता रिक्षाला टेकून बिडी ओढत होता.

"घरी ना काका?"

"आधी ओवे."

"आता? थय आज लई जोरात वाजवतान. पूजा झाली का सुरूच. पार लांबशी आयकू येतं."

दीनानाथ आत बसले. प्लग अजून त्यांच्या मुठीत होता. डब्यापासून त्याची वायर हॉलमध्ये कुणी कापून दिली हे त्यांना कळलं नव्हतं.

"आलं ऐकू," ते म्हणाले, "तर सांग."