हातोहात नेलेला अर्ज

देवकीनं चौथी चौकट माउसनं ओढून तिसरीच्या पुढे आणली आणि मध्ये बाण जोडला. अर्ज, तपासणी, साहेबांचा शेरा, पणजीला रवाना. पेडण्याच्या कार्यालयात कंत्राटावर अकरा वर्षं तिनं फायली वाहिल्या. आता त्या फायलींची वाट ती स्वतः संगणकात बांधायला शिकत होती. शिकवायला पणजीहून आलेली तनया शेजारी बसली होती.

"आता अटी घाला, ताई. नियमात नसेल तो अर्ज पुढं सरकताच कामा नये."

देवकीनं हौसेनं अटी घातल्या. जावक क्रमांक नसेल तर रवाना नाही. कायम नेमणुकीचा अर्ज वयाच्या पंचेचाळीशीआधी रवाना झाला नसेल तर नामंजूर. आणि अर्ज ज्याच्याकडे अडला, त्याचं नाव खाली दिसेल. ही शेवटची अट तिची स्वतःची. 'माझी फायल खंय आसा?' म्हणत लोकांनी खिडकीवर डोकी फोडलेली तिनं काय कमी पाहिली होती!

"एखादा खरा अर्ज घालून बघू," तनया म्हणाली.

देवकीनं आपलाच घातला. कायम नेमणुकीचा, चार वर्षांपूर्वीचा.

संगणकानं जावक क्रमांक मागितला. तो कुठून आणणार? जावक वही तीच लिहायची, पण आपल्याच अर्जाची नोंद आपल्या हातानं करणं तिला तेव्हा बरं दिसलं नव्हतं. हेडक्लार्क शिवदासबाबही म्हणाले होते, "वहीत कित्याक? हांव हातोहात पणजेक व्हरतां." वडीलधारा माणूस हातोहात नेतो म्हणाला, की पोच मागणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. दर भाऊबीजेला ती त्यांना ओवाळायची. अर्जाचं विचारलं की ते म्हणत, "वयर गेला गे." अर्ज वर पोचला, असं सांगणाऱ्या त्या 'वयर'च्या भरवशावर बाई चार वर्षं जगली. गेल्या महिन्यात पंचेचाळीस पुरी झाली तेव्हाही ती निर्धास्त होती.

"हातोहातची वेगळी चौकट करता येईल?" तिनं तनयाला विचारलं.

"पोच असेल तर येईल."

देवकी पोच मागायला शिवदासबाबांच्या टेबलापाशी गेली.

"बाब, त्या अर्जाची पोच जाय आसली."

शिवदासबाबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग खालच्या खणातून तिचाच अर्ज काढून पुढे केला. टाचणी गंजली होती.

"तुका कायम केल्यार बदली जाताली. मागीर हांगा काम कोण करतलो?" ते म्हणाले. "तूं घरचीच म्हणून रावयलें."

घरची म्हणून अर्ज अडवून ठेवला! केसानं गळा कापतात तो असा. देवकीला संताप आला, रडू आलं, आणि आपल्या भोळेपणाची सगळ्यात जास्त चीड आली.

"फाटली तारीख घाल, चार वर्सां आदली," शिवदासबाब म्हणाले. " कोणाक कळतलें?"

"तारीख संगणक आपणच घालतो, बाब."

तिनं जावक वहीत आजची नोंद केली आणि संगणकापाशी येऊन सगळं खरं खरं भरलं. शिवदासबाब मागोमाग येऊन उभे राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली: नामंजूर. वयोमर्यादा ओलांडली. खाली दुसरी ओळ: अर्ज अडला, शिवदास परब यांच्याकडे, चार वर्षं.

शिवदासबाब दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले. आता तरी माफीचा एक शब्द बोलतील, असं देवकीला वाटलं.

"देवकी," ते हळू आवाजात म्हणाले, "हें म्हजें नांव काडूंक येता?"

"येता," ती म्हणाली, आणि नाव तसंच ठेवत तनयाकडे हात करून तिनं पुढचा अर्ज मागितला.