दिवा विझलेला होता

मी तोच खोटारडा स्विच बोलतोय. हो, तोच! विमानांच्या मैदानावर सगळे ज्याच्या नावानं बोटं मोडतात, तो. आता जरा माझीही बाजू ऐकून घ्या.

दिसायला मी काडेपेटीहून लहान. काळी डबी, दोन-चार वायरी आणि बाहेर डोकावणारा एक बारीक दिवा. पेट्रोलवर उडणारी, रिमोटनं चालणारी हौशी लोकांची विमानं असतात ना, त्यांच्या पोटात मी बसतो. खाली उभा असलेला माणूस रिमोटवरचं बटण दाबतो आणि मी इंजिनाची ठिणगी तोडतो. ठिणगी नाही तर इंजिन नाही. रिमोटचा संदेश मध्येच तुटला तरी मी तेच करतो, कुणाला विचारत बसत नाही. विमान बेफाम होऊन कुणाच्या अंगावर जाण्यापेक्षा खाली पडलेलं बरं. माझा दिवा पेटलेला असेल तर लांब राहा, विझलेला असेल तर खुशाल हात लावा. एवढंच काय ते माझं बोलणं.

मला विकत घेतलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं. मला बरंच वाटलं. दार उघडं असताना लिफ्ट हलू न देणारे स्विच म्हणजे माझे भाऊबंदच. दुरुस्तीच्या वेळी कधीकधी त्यांना वळसा घालून वीज परस्पर न्यावी लागते. त्यासाठी याच्या खिशात लाल वायरचा तुकडा असतो, दोन्ही टोकं सोललेली. तो लावण्याआधी हा लिफ्टच्या दाराशी पाटी ठेवतो, 'काम चालू आहे, लिफ्ट वापरू नये.' काम झालं की आधी तुकडा काढून खिशात टाकणार, मग पाटी उचलणार. कामाला माणूस एकदम चोख.

त्याची बायको कपडे शिवते. मैदानावर सगळे तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. विमानाच्या पंखांवरचं आवरण तिनंच ताणून बसवलेलं, एक सुरकुती सापडेल तर शपथ! सुट्टीच्या सकाळी दोघं मैदानावर यायची. तो उडवायचा, आणि विमान उतरलं की वहिनी जुन्या कापडानं पुढचा पंखा पुसायची. इंजिन तेल उडवतं ना, फार घाण होते. पण आधी वाकून माझ्याकडे बघायची. "विझलास का रे बाबा?" असं मलाच विचारायची. माझ्याशी बोलणारं ते एकच माणूस.

एकदा लिफ्टवाल्याला हुक्की आली आणि त्यानं विमान फारच लांब नेलं. संदेश तुटला. मी इंजिन बंद केलं, आणि विमान झुडपात जाऊन बसलं. मैदानावर एक निवृत्त मास्तर येतात, त्यांची जीभ भारी तिखट. "काय हो लिफ्टवाले, मध्येच कुठला मजला आला?" सगळे पोट धरधरून हसले. हा मात्र लालबुंद. "या डबड्यानं माझी अब्रू घालवली," म्हणाला. अरे, माझं काय चुकलं होतं?

पुढच्या सुट्टीला मैदानावर पाहुणे येणार होते. त्याआधी त्यानं घरी विमानाचं पोट उघडलं, खिशातून लाल तुकडा काढला आणि माझ्या दोन टोकांवर जोडून टाकला. झालं! ठिणगीची वीज मला वळसा घालून परस्पर जायला लागली. मी दिवा पेटवायचो, विझवायचो, पण त्याला काडीचा अर्थ उरला नव्हता. "एका दिवसापुरतं," तो पुटपुटला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुकडा तसाच राहिला. इंजिन थांबवायला तो आता रिमोटनंच त्याची हवा कोंडायचा, आणि वहिनी पोचायच्या आत धावत जाऊन बॅटरीची वायर उपटायचा. मला वाटायचं, धावतोस कशाला एवढा, सांगून टाक ना तिला! माझी तर झोपच उडाली होती.

मग ती सकाळ आली. वारा सुटलेला असताना त्यानं विमान असं अलगद टेकवलं की मास्तरांच्या तोंडूनसुद्धा "वा!" निघालं. त्या एका शब्दानं गडी तिथंच विरघळला, वायर उपटायला धावायचं विसरूनच गेला. वहिनी कापड घेऊन आली, वाकली. "विझलास का रे बाबा?"

विझलो होतो. खरंच विझलो होतो. पण ठिणगी जिवंत होती आणि मला तोंड नव्हतं. तिनं पुसायला पंखा जरासा फिरवला. गरम इंजिनाला तेवढं पुरलं. एकच झटका.

उजव्या हाताची दोन बोटं.

तिचा हात कापडात गुंडाळता गुंडाळता मास्तर ओरडले, "अहो, स्विच बंद केला नव्हतात का?"

"केला होता हो! स्विचच खराब निघाला," लिफ्टवाला म्हणाला. गाडी येईपर्यंत त्यानं मला लाल तुकड्यासकट उपटलं आणि सदऱ्याच्या खिशात कोंबलं. तो सदरा घरी धुण्याच्या ढिगात अगदी तळाशी गेला, आणि मीही.

टाके पडले, बोटं राहिली, पण ती वाकेनात. शिवणयंत्र कापड टाकून झाकलं गेलं. मास्तर भेटायला आले तेव्हा मी ढिगातून ऐकत होतो. "वहिनी, काळजी करू नका. आम्ही सगळ्यांनी आपापल्या विमानांतून तसले स्विच काढून फेकलेत. नसती ब्याद!"

म्हणजे आता सगळीच विमानं स्विचाशिवाय उडणार? लिफ्टवाला शेजारीच बसला होता. त्यानं मास्तरांच्या कपात आणखी चहा ओतला.

मास्तर गेले. वहिनी डाव्या हातानं धुणं निवडायला लागली. धुण्याआधी नवऱ्याचे खिसे चाचपायची तिची जुनी सवय, कितीदा तरी लाल तुकडे निघायचे. या वेळी तुकड्याबरोबर मी निघालो. तुकडा अजून माझ्या टोकांना तसाच जोडलेला. तिनं मला नवऱ्यापुढे धरलं.

"अहो, ही तुमच्या कामावरची वायर ना?"

तो चहाचे कप उचलत होता, तिथंच थांबला. "एका दिवसापुरती लावली होती गं. मग राहूनच गेली."

"लिफ्टला लावता तेव्हा दाराशी पाटी ठेवता ना?"

"ठेवतो."

"मग माझ्यासाठी का नाही ठेवलीत?"

त्यानं कप खाली ठेवले आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. तीही रडली, पण तिनं विषय सोडला नाही. "माझं राहू दे. त्या सगळ्यांना जाऊन सांगा."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. का हा हात घेऊन मी जाऊ?"

आज सुट्टी आहे. आम्ही मैदानावर आलोय. मी त्याच्या खिशात आहे, लाल तुकड्यासकट, आणि त्याची छाती माझ्यावर धाडधाड आपटतेय. समोर मास्तरांची पुतणी नव्या विमानाच्या पंख्याजवळ कापड घेऊन वाकलीय. त्या विमानाच्या पोटात माझ्यासारखा कुणी नाही, कुठला दिवा नाही. लिफ्टवाल्यानं मला खिशातून बाहेर काढलंय.

"हा खोटारडा अजून जपून ठेवलात?" मास्तर विचारताहेत.

बोल रे बाबा. मला तोंड नाही, तुला आहे.