सहस्राचा डोळा

"टीचर, डोळ्याचं सोडून दुसरं काही बोला की!" राजिताचे हात विड्या वळतच राहिले.

"दुसरं काय बोलू? तुझी सहस्रा तीन वर्षांची होती तेव्हापासून सांगतेय. आता सहावं लागलं!" नरसव्वाचा आवाज चढला. सत्तावीस वर्षं ती तेलंगणातल्या जगत्यालच्या या गल्लीत अंगणवाडी चालवत होती. लसी, वजनं, अंडी, सगळं तिनं लोकांच्या गळी उतरवलं होतं. या घरापुढे मात्र तिचं डोकं फिरायचं.

"तिरळा डोळा भाग्याचा," आतून राजिताची सासू म्हणाली. "चष्मा लावला तर उद्या कोण सून करील तिला?"

"अव्वा, आधी तिला दिसू तरी द्या!"

नरसव्वानं सहस्राला जवळ ओढलं आणि तिचा तिरळा डोळा तळव्यानं झाकला. पोरगी निवांत सीताफळ खात राहिली. मग चांगला डोळा झाकला. सहस्राचा हात थबकला.

"अम्मा कुठं गेली?"

अम्मा चार पावलांवर बसली होती.

"सोंगं करते मेली," राजिता म्हणाली.

"मग तूच झाकून बघ."

राजितानं झाकला. सहस्रानं हात पुढे करून आईचं तोंड चाचपलं. राजितानं विड्यांचं सूप बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी तिघी दवाखान्यात होत्या.

"इतकी वर्षं काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं. "कुणी सांगितलं नाही?"

"नाही सर. कुणीच नाही," राजिता म्हणाली.

नरसव्वाच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द अगदी ओठांवर आले. पण राजितानं तिचा पदर मुठीत गच्च धरला होता.

"चांगला डोळा किती तास झाकायचा, सर?" नरसव्वानं विचारलं.

"रोज सहा. शिवाय चष्मा. थोडं सुधारेल. पूर्ण सुधारेल असं नाही सांगत. आधी आणलं असतं तर..."

बसथांब्यावर सहस्रा रडत चांगल्या डोळ्यावरची पट्टी ओढत होती. राजिताचाही हात पट्टीकडे गेला.

"हात लावलास तर बघ!" नरसव्वा खेकसली.

बस समोर येऊन थांबली.

"काय आलं, सांग बरं?" तिनं सहस्राला विचारलं.

"लाल."

"लाल काय?"

पोरीनं नाक पुसलं, बराच विचार केला. "मोठं लाल."

राजितानं तोंड फिरवलं.

सहस्रानं पाय उचलला, पायरी लागली नाही. पुन्हा उचलला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला.

"थांब रे!" नरसव्वा त्याच्यावर ओरडली. "पोर चढतेय, दिसत नाही?"

आणि तिचं बोट धरून सहस्रा तिसऱ्यांदा पाय उचलून पायरी शोधू लागली.